भोपळ्याची उंच खुर्ची

मित्रांनो, सध्या माझ्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग असतो, म्हणून मला कपडे ठेवायचं सामान समजू नका. मी लहान मुलांना जेवायला बसवायची उंच खुर्ची आहे, आणि माझं वय या घरातल्या बाबांएवढं आहे. एका सुताराने मला मन लावून घडवलं. फाकवलेले चार पाय, पुढे बशी ठेवायला सरकती फळी आणि मूल घसरू नये म्हणून कातडी पट्टा. माझ्या कडा त्याने इतक्या घासल्या की आजवर कुणाला माझं एक कुसळ टोचलेलं नाही.

मला विकत आणलं ते आजीने. तेव्हा ती नवी नवी आई होती. तिचा मुलगा माझ्यावर बसून असा चापून जेवायचा की फळी पुसायलासुद्धा काही उरत नसे. शेजारची पोरंही माझ्यावर बसून गेली, आणि सगळी गुटगुटीत झाली. माझ्यावर बसलेलं मूल जेवतंच, असा माझा पक्का समज झाला. मग बरीच वर्षं मी माळ्यावर धूळ खात पडले. आजीचा मुलगा मोठा झाला, बसच्या डेपोत मेकॅनिक झाला, त्याचं लग्न झालं, आणि एके दिवशी त्यानेच मला खाली काढून नवा रंग दिला. तो बाबा झाला होता.

त्याचं बाळ दिवस भरायच्या आधीच जन्माला आलं होतं. कितीतरी आठवडे ते दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत होतं, नाकाघशात नळ्या घालून. मूठभर जीव, म्हणून आजीने लाडाने उलटंच नाव ठेवलं: भोपळ्या.

पहिल्या दिवशी आईने कुस्करलेलं केळं आणलं. चमचा ओठांजवळ आला मात्र, भोपळ्याचं अंग माझ्या पाठीपेक्षा ताठ झालं. त्याला उमासे येऊ लागले, पोटात काही नसताना. मला वाटलं, नवखा आहे, होईल सवय. पण दुसऱ्या दिवशी तेच झालं, आणि महिन्यानंतरही तेच. कसंबसं चार घोट दूध तेवढं पोटात जाई.

मग घरात नाना तऱ्हा सुरू झाल्या. बाबा डोक्यावर पातेलं घालून नाचले. आजीने डबे बडवले. एकदा त्या नाचाला भोपळ्या खदखदून हसला, तोंड उघडं दिसताच आजीने बोटभर केळं आत सारलं. त्यानंतर तो आमच्यापैकी कुणासमोरही तोंड उघडून हसेनासा झाला.

येणारे-जाणारे सल्ले देत. "लाडावून ठेवलंय तुम्ही. उपाशी ठेवा, झक मारत जेवेल." आईने जड मनाने एक दिवस तेही करून पाहिलं. भोपळ्याने काही मागितलंच नाही. तो माझ्यावर मान टाकून मलूल होत गेला, आणि संध्याकाळी आईच स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडली. तिने चष्म्याच्या दुकानातली नोकरी कधीच सोडली होती. दिवसभर ती चार वाट्या गरम करायची, चार वाट्या ओतून द्यायची, आणि स्वतः ओट्याशी उभ्याउभ्या काहीतरी कोंबायची.

डॉक्टरांनी सांगितलं, वजन असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल.

"पुन्हा नळी नाही," आई म्हणाली. "काहीही करीन, पण मी त्याला भरवीन."

आणि तिला मार्ग सापडला. दुपारी भोपळ्या माझ्यावरच पेंगायचा. त्या गुंगीत चमचा लावला तर तो नकळत गिळायचा. आई पट्टा आवळायची, श्वास रोखून चमच्यामागून चमचा सोडायची. दाट दूध, सूप, केळं, सगळं जायचं. वजनाचा काटा हलला. घरात आनंदीआनंद झाला. आजीने माझ्या पाठीवर थाप मारली. "लेकाला वाढवलंस, आता नातवालाही वाढव." मी फुलून गेले, मित्रांनो. खोटं कशाला बोलू?

पण भोपळ्या खुळा नव्हता. जागं झालं की तोंडात चव असते, हे त्याला कळलं. तो झोपेशी भांडू लागला. डोळे मिटायला आले की दचकायचा, माझी फळी घट्ट धरायचा. शेवटी झोप आवरेना, तेव्हा दोन्ही तळहात तोंडावर दाबूनच झोपू लागला. आई ते हात हळूच बाजूला करायची. ती थांबत नव्हती. तिला वाटे, थांबले तर हा मरेल. माझ्या अंगात जीव असता तर मी त्या पट्ट्याची कडी उघडली असती.

एका दुपारी दूध श्वासनलिकेत गेलं. ठसका लागला, मग ठसकाही थांबला. ओठ निळे पडले. आईने कशीबशी कडी काढली, त्याला उलटा धरून पाठीत थापट्या मारल्या, आणि तशीच अनवाणी दवाखान्यात धावली. मी त्या स्वयंपाकघरात एकटी राहिले. फळीवरचं दूध खाली ठिबकत होतं.

भोपळ्या वाचला. परत आला तेव्हा नाकात नळी होती, गालावर पट्टीने चिकटवलेली. सोबत जेवणाचे त्रास असलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एक ताई आल्या. आईने झोपेतलं सगळं त्यांना सांगून टाकलं. ताई रागावल्या नाहीत.

"त्याच्या पोटाची काळजी आता नळी घेईल," त्या म्हणाल्या. "ही खुर्ची काही दिवस दूर ठेवा. भरवू नका, खा म्हणू नका. तुम्ही त्याच्याजवळ बसून निवांत जेवा."

"मग मी कशाला आहे?" आईने विचारलं.



मला कोपऱ्यात ढकललं. इतकी वर्षं मिरवलेली मी, मला पाहताच ते मूल आईच्या पदराआड लपू लागलं. याहून मोठं दुःख खुर्चीला नाही. मी कपडे अंगावर घेऊन उभी राहिले.

काल दुपारी आई जमिनीवर बसून पाव आणि उकडलेला बटाटा खात होती. भोपळ्या रांगत आला. बटाट्याला बोट लावलं, झटकलं, आईच्या कपड्याला पुसलं. आईने मान वर केली नाही. मग त्याने एक तुकडा उचलला आणि तिच्या तोंडापुढे धरला.

आईचे ओठ घट्ट मिटलेले होते. तिला रडू आवरत नव्हतं. भोपळ्याने तुकडा ओठांवर दाबला नाही. हात तसाच धरून, ती तोंड उघडेपर्यंत तो थांबून राहिला.

मित्रांनो, त्याने अजून स्वतः काही खाल्लेलं नाही. कधी खाईल, ते ताईंनाही सांगता येत नाही. पण तुमच्या घरी असं मूल असेल, तर घास हातात घेऊन त्याच्यासारखं थांबा. तो कितीतरी वेळ थांबला होता, आणि त्याचा हात दुखत होता.