फडक्यातून गाळलेला पाऊस

मित्रांनो, मी एक जुना रडार आहे. देवरीकडच्या एका टेकडीवर, पांढऱ्या गोल टोपाखाली मी गरगर फिरत असतो. गंमत म्हणजे, पावसाचा एक थेंबही मला कधी शिवलेला नाही. मी ढगांत लहरी सोडतो, त्या थेंबांवर आपटून परत येतात, आणि किती जोराने आल्या त्यावरून मी पाऊस ओळखतो. अंदाजच तो. म्हणून माझा आकडा जमिनीवरच्या पर्जन्यमापकाशी ताडून पाहतात.

नवा होतो तेव्हा शाळांच्या सहली मला बघायला यायच्या. आता टोपावर शेवाळ धरलंय आणि सहली धरणावर जातात.

चिचगडजवळच्या एका गावात कुंदाबाई रोज सकाळी पाऊस मोजून कळवत. जोराचा पाऊस झाला की माझा आकडा त्यांच्या दुप्पट निघे. माझ्या खोलीत बसून माझे आकडे बघणारी नूतन म्हणाली, "म्हातारा काहीपण फेकून राहिला." आणि तिने त्या भागातले माझे आकडे निम्मे करून टाकले. मला राग आला. यंत्राला राग येत नाही असं म्हणणाऱ्यांनी कधी यंत्राला विचारलेलं नाही.

मग मागच्या श्रावणात सकाळपासून त्या गावावर आणि वरच्या जंगलावर सारखी धार लागली. दुपारी गावच्या तलावाचं पाणी सोडणारे पाणकर शालिकराम यांचा फोन आला.

"नूतनबाई, जंगलात किती पडला? शंभरावर असंल तर सांडवा फोडतो, नाहीतर तलावाची पाळ वाहून जाईल. पण उगाच फोडला तं गावाच्या धानाले पानी कुठून आनू?"

सांडव्याखालची पहिली बांधी, म्हणजे धानाचं शेत, त्यांची स्वतःची होती. हे मात्र ते बोलले नाहीत.

पडद्यावर चोपन्न मिलिमीटर दिसत होते. मी एकशे आठ मोजले होते. मला तोंड असतं तर ओरडलो असतो.

"थांबा भाऊ, खात्री करते," म्हणून नूतनने कुंदाबाईंना विचारलं.

"बावन्न," त्या म्हणाल्या. "थांब पोरी, फडकं पिळून बांधते."

"कोणतं फडकं?"

"मापाच्या तोंडावरचं. पानी गाळूनच भरतो ना आपन! कचऱ्याचा पानी कायले मोजाचा?"

आता नूतनला उलगडलं. ताणून बांधलेल्या त्या ओल्या फडक्यावरून जोराचा पाऊस बाहेरच ओघळत होता. तिने लगेच शालिकरामांना फोन लावला. "भाऊ, शंभरावर आहे! फोडा सांडवा!"

पाळ राहिली. शालिकरामांची बांधी वाहून गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "खरा आकडा किती होता?"

"एकशे आठ."

"मंग बरोबर फोडला," म्हणाले आणि फोन ठेवला.

मित्रांनो, मला तेलपाणी वेळेवर मिळतं, तक्रार नाही. कुंदाबाईंवरही राग नाही. त्यांनी पाऊस घरच्या पाण्याइतक्याच निगुतीने भरला. माझी विनंती एवढीच, की दोन आकडे जुळले नाहीत तर त्यांतला एक खोडण्याआधी दुसऱ्याजवळ जाऊन उभे राहा. त्या मापापर्यंत टेकडीवरून बसने तासाभराची वाट. तीन वर्षांत आमच्याकडून तिथे कोणीही गेलं नव्हतं.