रडणारी राणी

चर्चमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. ओलसर भिंतीतल्या कोनाड्यात काचेचा उंच, नक्षीदार चषक ठेवला होता. गावातल्याच भट्टीत राणीच्या राज्याभिषेकासाठी घडवलेला, पण काच धुरकटली म्हणून दरबाराने परत धाडलेला. राणी वारली त्यालाही बरीच वर्षं झाली. आता चषकावर कोरलेल्या तिच्या गालांवरून थेंब ओघळत होते.

‘‘आईसाहेब तुमच्यासाठी रडताहेत,’’ किलियान नावाचा भटका संन्यासी गहिवरून सांगत होता. ‘‘हे अश्रू डोळ्यांत घाला, आंधळ्यालाही सुईचं नेढं दिसेल. एका थेंबाला एक बदक फक्त. आईसाहेबांना बदक फार आवडायचं.’’

डोरोटाला हसू आवरेना. जिवंतपणी बाईने मिठावर कर बसवला, तेव्हा डोळ्यांत टिपूस नव्हतं. मेल्यावर बरा पाझर फुटला! पण तिचा नवरा मातोश बदक काखोटीला मारून रांगेत सर्वांत पुढे उभा होता. जन्मभर काच कोरून त्याची नजर विझत आली होती.

‘‘अहो, आधी मला बघू द्या,’’ म्हणत तिने थेंब बोटावर घेतला. बोट बुळबुळीत झालं. जिभेला लावला तर जीभ चरचरली. घरोघरी कपडे धुवायला राखेचं पाणी असतं, तीच चव.

‘‘हा खार आहे. दिसतंय तेवढंही जाईल.’’

‘‘पापी जिभेला अश्रू कडूच लागायचे,’’ किलियान म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या.

मातोश खवळला. ‘‘तुझं काय जातंय? अंधारात मी बसणार आहे.’’

‘‘उद्यापर्यंत थांबा. मग बदक मीच सोलून देते त्याला.’’

घरी चषकाच्याच घाण्यातल्या काचेचा एक पेला पडून होता. चषकावर राणी कोरण्याआधी हात बसावा म्हणून मातोशने त्यावर रानडुक्कर कोरलं होतं. डोरोटाने पेला सगळ्यांदेखत पुसून राणीशेजारी ठेवला, चर्चला कुलूप लावलं आणि किल्ली पाद्रीबाबांकडे दिली.

सकाळी दार उघडलं. डुकराच्या मुसकटावरूनही पाणी गळत होतं.

‘‘बाबा,’’ मागून कुणीतरी किलियानला विचारलं, ‘‘हे कुणासाठी रडतंय?’’

अख्खं चर्च खिदळलं. किलियान पोट बिघडल्याचं सांगून मागल्या दाराने सटकला.

मातोशने पेल्यावरून बोट फिरवलं. त्याचा चेहरा उतरला. ‘‘घामट काच,’’ तो म्हणाला. ‘‘खार जास्त, चुना कमी. ओल लागली की खार बाहेर ओकते. भट्टीवरच्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. आपणच जंगलं जाळून राख केली, आपणच ती काचेत घातली. वर राणीचं तोंड दिसलं आणि अक्कल गहाण टाकली.’’ मग हळूच बायकोला म्हणाला, ‘‘म्हणजे माझे डोळे नाही ना बरे व्हायचे?’’

‘‘नाही हो.’’ डोरोटा म्हणाली. ‘‘पण आहेत तेवढे राहतील.’’

मातोश बदक पुन्हा काखेत घेऊन लोकांकडे वळला. ‘‘बाबांनो, चमत्काराला नमस्कार जरूर करा. पण त्याआधी एकदा शेजारी डुक्कर ठेवून बघत जा.’’