पुढच्याची हाक

रविवारी सकाळी नऊला चर्चच्या फाटकापाशी चौघंच जमली. नोव्हेंबरचं धुकं कुंपणांवरून टपटपत होतं. असल्या हवेत सायकल काढायला अंगात थोडा वेडेपणा लागतो, आणि विल्फ गॅस्किनच्या अंगात तो बावीस वर्षांचा मुरलेला होता. इतकी वर्षं क्लबच्या रविवारच्या फेरीत सगळ्यात पुढची सायकल त्याची. वय एकोणसत्तर झालं तरी ती जागा सोडायची त्याची तयारी नव्हती. बायको गेल्यापासून आठवड्यात त्याला हा एकच वार उरला होता.

आयव्हर पेनक हा त्याचा जुना मित्र. मॉरीन लाइल पोस्टातून निवृत्त झालेली, बोलायला खमकी. चौथी टॅम्झिन, गावच्या शाळेत नुकतीच आलेली शिक्षिका. ती आज पहिल्यांदाच येत होती. विल्फने तिला आपल्या मागे दुसऱ्या जागी घेतलं आणि नियम सांगितला.

"हे बघ पोरी, फाटा आला की पुढचा बघतो. रस्ता रिकामा असेल तर मी ओरडणार, 'मोकळं!' मग थबकायचं नाही, मान वळवायची नाही, सरळ माझ्या चाकामागे यायचं. तू कचरलीस तर मागची दोघं तुझ्यावर येऊन आदळतील."

"आणि गाडी असली तर?"

"तर 'थांबा' म्हणेन. तेवढी दोनच अक्षरं... नाही, तेवढे दोनच शब्द लक्षात ठेव."

टॅम्झिन हसली. आयव्हर मात्र वाकून आपल्या चाकातली हवा दाबून बघत होता. आत्ताच एकदा बघून झाली होती ती.

विल्फने कुणालाच न सांगितलेली गोष्ट अशी, की त्याचा उजवा डोळा काचबिंदूने जवळजवळ गेला होता. डॉक्टरने फेब्रुवारीत स्वच्छ सांगितलं, गाडी चालवायची नाही. त्याने गाडी विकून टाकली आणि लोकांना सांगितलं, गंजली होती. डाव्या डोळ्याने उजवीकडचं बघायला मान पुरती वळायला हवी, आणि हँडलवर झुकून झुकून मानेचं लाकूड झालेलं. मग तो कानांनी बघू लागला. कान त्याचे खरोखर तिखट होते. दोन शेतं पलीकडचा ट्रॅक्टर कुणाचा, तेही तो सांगायचा. इथल्या गल्ल्यांना दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच कुंपणं, तिथे डोळस माणसालाही काय दिसतं, असं तो स्वतःला समजावायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा असा.

पहिला फाटा आला. विल्फने कान दिला. ओल्या पानांवरचं पाणी, लांब कुठे मेंढ्या, बाकी काही नाही.

"मोकळं!"

तो वळला, टॅम्झिन मागोमाग आली. तिच्याही मागे टक्, टक् असे दोन आवाज झाले. पेडलमध्ये अडकवलेला बूट सोडवला की तसा आवाज होतो. हल्ली हा आवाज प्रत्येक फाट्यावर येतो, हे विल्फला ठाऊक होतं. दोघं म्हातारी झाली, फाट्यावर पाय टेकायला लागली, असं म्हणून तो मनात हसायचाही.

दुसऱ्या फाट्यावर मात्र त्याच्या काळजाचं पाणी झालं. "मोकळं!" म्हणून तो रस्त्यावर आला, आणि उजव्या खांद्याशीच घोडा फुरफुरला. वर बसलेली बाई किंचाळली, "आंधळे आहात की काय?"

"गवताच्या कडेने आलात तुम्ही! टापा कशा ऐकू येणार?" विल्फ उलट गुरगुरला. बाई गेल्यावर तो टॅम्झिनला म्हणाला, "घोड्यावर बसलं की रस्ता बापाचा वाटतो लोकांना."

ती हसली, पण जरा उशिरा. 'दिसणार' म्हणायच्या जागी 'ऐकू येणार' असं आपण तोंडाने बोलून गेलो, हे विल्फला पुढच्या चढावर उमगलं. आज चहाला थांबलो की आयव्हरला सगळं सांगायचं, त्याने ठरवलं. पुढची जागा त्यालाच देऊन टाकायची.

मिसेस प्रॉसरच्या शेतघरात चुलीपाशी ऊब होती. चहा आला, चीज घातलेले स्कोन आले. आयव्हरने कपात साखर ढवळत ढवळत विषय काढला.

"गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी नवी गाडी घेतली, ऐकलंस का? विजेवरची. मांजराच्या पावलांनी येते लेकाची. काल माझ्या दारात उभी राहिली तरी मला पत्ता नाही."

"बरं मग?"

"मग काही नाही. आपलं सांगितलं." तो थांबला. "डोळ्यांची तपासणी केली होतीस ना रे तू? काय म्हणाला डॉक्टर?"

हीच वेळ होती. विल्फने तोंड उघडलं, आणि समोर टॅम्झिन मोठ्या आदराने त्याच्याकडे बघत होती.

"म्हणाला, गरुडाचे डोळे आहेत."

आयव्हरने कपात पाहिलं. "छान," म्हणाला. आणि पुन्हा साखर ढवळायला लागला.

विल्फ हात धुऊन परत आला, तेव्हा मॉरीन टॅम्झिनच्या कानाशी लागली होती. "फाट्यावर तू आपली जरा स्वतः..." एवढं त्याच्या कानावर पडलं. त्याला पाहताच ती म्हणाली, "स्वतः घरी करून बघ हे स्कोन. सोपे असतात."

चोराच्या मनात चांदणं. विल्फला वाटलं, हिला काही कळलंय. मग त्याने तो विचार झटकला. मॉरीनला कळलं असतं तर तिने चारचौघांत सुनावलं असतं. तिच्या पोटात काही राहतं का?

निघाले तेव्हा धुकं आणखी उतरलं होतं. गावापासून दोन मैलांवर थ्री एल्म्सचा फाटा. तिथे उजवीकडून रस्ता उताराने येतो आणि वळणामुळे शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. विल्फचा या फाट्याइतका दुसऱ्या कशावर राग नव्हता. आजचा दिवस पार पडू दे, मग पुढल्या रविवारी आयव्हर पुढे, असा त्याने देवाशी सौदा केला.

फाटा जवळ आला. त्याने श्वास रोखून कान दिला. पाण्याचे थेंब. एक कावळा. आपल्याच साखळीची कुरकुर. इंजिनाचा आवाज कुठेही नाही.

"मोकळं!"

शब्द तोंडातून सुटला, आणि लगेच त्याला मांजराची पावलं आठवली. त्याला ओरडायचं होतं, थांबा. पण तो रस्त्याच्या मध्यावर होता, आणि पाठीशी टक्, टक् वाजलं. दोनदा. तिसरा आवाज आला नाही.

ओल्या रस्त्यावर टायर घासले गेले. मग धडकेचा आवाज झाला, आणि कुंपणात काहीतरी जाऊन पडलं.

विल्फ पलीकडे पोचून थांबला, सायकल तशीच टाकून मागे वळला. पांढरी गाडी आडवी उभी होती. डॉक्टरीणबाई फोन कानाला लावून रुग्णवाहिकेला पत्ता सांगत होती, आणि सांगताना रडत होती. टॅम्झिन काटेरी कुंपणाच्या पायथ्याशी पडली होती, एक पाय भलत्याच दिशेला वळलेला. मॉरीन धावत तिच्याशेजारी जाऊन बसली. मॉरीनची आणि आयव्हरची सायकल मात्र फाट्याच्या रेघेअलीकडे होती. आयव्हर अजून तिथेच उभा होता, एक पाय जमिनीला टेकलेला.

विल्फने त्या पायाकडे पाहिलं. मग त्याला प्रत्येक रविवार आठवला.

"तू थांबला होतास," तो म्हणाला.

"फेब्रुवारीपासून थांबतोय," आयव्हर म्हणाला. "आम्ही दोघंही. आमचं आम्ही बघून घेतो."

"मला का नाही बोललास?"

"तुला वाईट वाटलं असतं रे. तुझा एवढा एक रविवार..." आयव्हरचा चेहरा वेडावाकडा झाला. "मॉरीन तिला सांगणार होती. तेवढ्यात तू आलास."

विल्फ गुडघ्यांवर बसला. टॅम्झिनचे डोळे उघडे होते. तिने त्याला शोधलं, आणि ती त्याच्या उजवीकडे असल्यामुळे त्याला आधी तिचा आवाजच आला. त्यात राग नव्हता. वर्गात एखादी गोष्ट नीट ऐकली ना, याची खात्री करून घ्यावी तसं तिने विचारलं.

"तुम्ही मोकळं म्हणालात ना?"

"हो," विल्फ म्हणाला. "म्हणालो."