माया कार्डावर नव्हती

आमच्या दुकानात माया आखत नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी मला शहाणपण शिकवायला नको.

माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. शिवण त्यातच बसते आणि अंगाने सुटला माणूस तर उसवून सैल करायलाही तेच. बाकीची दुकानं खडूच्या दोन रेघा मारतात, एक शिवणीची, एक कापायची. आमच्याकडे एकच रेघ, शिवणीची. कात्री तिच्यापासून अंगठाभर लांबून चालवायची. सासरे म्हणायचे, दुसरी रेघ लागते तो शिंपी नव्हे, चित्रकार. सासऱ्यांच्या हाताला माया कळायची. माझ्या नवऱ्याला आयुष्यात कळलेली एवढी एकच गोष्ट. आणि माझा मुलगा तर बोलता बोलता, खिडकीबाहेर बघत कापायचा, तरी माया सगळीकडे सारखी. गिऱ्हाइकं त्याला मास्तर म्हणायची. मग मीही म्हणायला लागले. पोटच्या पोराला मास्तर म्हणताना छाती फुगायची, खोटं कशाला सांगू.

दीड वर्षापूर्वी मास्तर दुचाकीवरून पडला. हेल्मेट हँडलला लटकवलेलं. हेल्मेटला एक ओरखडा नाही.

तीन आठवडे तो डोळे मिटून होता. मग उठला, चालला, बोलला. लोक म्हणाले, सुटलात. मीही तसंच समजले. पण मास्तर कापायला उभा राहिला की अर्धी बाही कापून कात्री तशीच कापडात ठेवायचा आणि बाहेर कुणाचा कुत्रा भुंकतोय ते बघायला जायचा. तिथून नळावर. नळ उघडा टाकून गॅसकडे. मी आणायला गेले की हसून म्हणायचा, "आई, मी काहीतरी करत होतो ना?" आपलं काही बिघडलंय हे त्याच्या गावीही नव्हतं. बिघडलं होतं ते आम्हालाच दिसायचं.

मेंदूच्या डॉक्टर बाईंनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं की मारामुळे लक्ष टिकत नाही, एक गोळी देऊन बघू. सकाळी एक, दुपारी बाराला एक. त्यानंतर नाही, नाहीतर झोप उडेल. भूक मरेल, नाडी जोरात चालेल, तेवढं बघत राहायचं.

मी म्हटलं, "बाई, गोळीने अक्कल येत असती तर मी याच्या बापाला लग्नाच्या दिवशीच दिली असती."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मावशी, अक्कल आहेच त्याला. गोळी फक्त लक्ष धरून ठेवते. हातातून जे पुसलं गेलंय ते ती आणून देत नाही. म्हणून कामाच्या पायऱ्या लिहून समोर लावा. एकेक, सगळ्या. तुम्हाला साध्या वाटतात त्यासुद्धा."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. कान माझे चांगले आहेत.

घरी येऊन सूनबाईने पांढरा पुठ्ठा घेतला. तिचं अक्षर मोत्यासारखं. माझी शाळा तिसरीत संपली, म्हणून मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. कापड पसरणे. माप मोठ्याने वाचणे. खडूने आखणे. रेघ पुन्हा मोजणे. कापणे. पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या, कॉलर.

तिने पेन थांबवलं. "आई, कापायच्या आधी माया लिहू ना?"

"माया काय लिहायची असते?" मी म्हटलं. "उद्या श्वास घेणे असं पण लिहिशील. या घरातल्या हाताला ती कळते."

"डॉक्टर म्हणाल्या सगळं लिहा."

"डॉक्टरबाईंच्या सासऱ्याचं दुकान होतं का?"

ती गप्प बसली. माझ्यापुढे ती अशी गप्प बसते, आणि मला त्याचा मान वाटायचा.

गोळी लागू पडली. पहिल्याच आठवड्यात मास्तरने अर्धा दिवस बसून जुनी बटणं रंगाप्रमाणे वेगळी केली. कुत्रा भुंकला, त्याने मान वर केली नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसले आणि सूनबाई आल्यावर कांद्याला शिव्या दिल्या. हसणं कमी झालं होतं त्याचं. ताट अर्धं परत यायचं. पण पुढच्या महिन्यात त्याने उशांचे अभ्रे कापले, मग पडदे. सरळ कापाचं काम, रुंदी जशी असेल तशी कापायची, पुढचं सूनबाई बघायची. मी म्हटलं, झालं, आला माझा मास्तर.

तेव्हाच बँडवाला आला. बावीस माणसांचा बँड, बावीस कोट, किरमिजी रंगाचे. कापड त्याने स्वतः रंगवून आणलेलं, एकच थान. "मावशी, या रंगाचा तुकडा पुन्हा मिळायचा नाही," तो म्हणाला. "कापणार कोण?"

सूनबाईने माझ्याकडे बघितलं. कोटाचं काम आलंच तर अगोदर दोन कोट साध्या कापडात कापून बघू, असं ती सकाळीच म्हणाली होती.

मी म्हटलं, "कोण म्हणजे? मास्तर कापणार. या टेबलावर दुसरं कुणी उभं राहिलंय का कधी?"

बँडवाल्याने मास्तरकडे नजर टाकली. गावात सगळ्यांना माहीत होतं. पण माझ्या तोंडावर नाही म्हणायची छाती कुणाची नव्हती. त्यानेही म्हटलं नाही. तेव्हा म्हणाला असता तर बरं झालं असतं.

दोन दिवस मास्तरने कापलं. आठला गोळी, बाराला गोळी, आणि मध्ये कात्रीचा आवाज. सासऱ्यांची कात्री आहे ती, जड, चालताना गवत खाणाऱ्या जनावरासारखा आवाज करते. मी दारात खुर्ची टाकून बसले होते. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला तो आवाज ऐकू जावा म्हणून दाराची दोन्ही कवाडं उघडी ठेवली होती. आत जाऊन टेबलावर एकदा बघावं, असं मनात आलंही. पण मास्तरवर नजर ठेवणं म्हणजे त्याचा अपमान, असं स्वतःलाच समजावलं. तो बोट ठेवून टेबलासमोर लावलेलं पायऱ्यांचं कार्ड वाचायचा, पुटपुटायचा, आखायचा, मोजायचा, कापायचा. एक पायरी चुकला नाही.

दुसऱ्या दिवशी बाराची गोळी घेऊन त्याने शेवटचा कोट कापला. एक वाजता सूनबाई मशीनवर बसली, पहिल्या कोटाची पाठ आणि पुढचा भाग जुळवायला. जुळवलं, उलटलं, पुन्हा जुळवलं. मशीन चालू होईना.

"आई," ती हळू आवाजात म्हणाली, "याला माया कुठाय?"

मी उठले. कापडाची कड हातात घेतली. खडूची रेघ अगदी कडेवर होती. अर्धी रेघ कापडावर, अर्धी कात्रीने नेलेली. असा सरळ काप सासऱ्यांनासुद्धा जमला नसता. मी दुसरा तुकडा उचलला, तिसरा, दहावा. सगळे तसेच.

मास्तर टेबलापाशी खडूची धूळ झटकत होता. त्याने ऐकलं होतं. तो कार्डाजवळ गेला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि शेवटच्या ओळीपर्यंत खाली आणलं. मग पुन्हा वरून.

"माया कार्डावर नव्हती," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. कार्ड बघून मला सांगत होता, एवढंच.

मग काय होऊन बसलंय ते त्याच्या चेहऱ्यावर उतरलं. तो वळला, टेप घेतली आणि पहिल्या कोटापासून मोजायला लागला. छाती अडतीस, शिवण गेल्यावर पस्तीस. छाती बेचाळीस, शिवण गेल्यावर एकोणचाळीस. सूनबाई म्हणाली, "अहो, राहू द्या, जेवून घ्या." त्याला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "मोठ्याचा मधल्याला घालू, मधल्याचा धाकट्याला, आणि ढोलवाल्याला अस्तरात गुंडाळू." एरवी हसला असता. बाहेर कुत्रा भुंकत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या कुत्र्याला म्हटलं, आणखी भुंक.

गोळीच्या आधी असं झालं असतं तर पाच मिनिटांत विसरून तो नळाकडे गेला असता. आता बाराची गोळी पोटात होती आणि उतरायला चार वाजणार होते. तिने त्याला धरून ठेवलं. बावीस कोट, प्रत्येक तुकडा, प्रत्येक कड. हलू दिलं नाही, वळू दिलं नाही. माझा मुलगा तीन तास स्वतःचं नुकसान लक्ष देऊन बघत होता, आणि इतकं लक्ष त्याने अपघातानंतर कशालाच दिलं नव्हतं.

मी डॉक्टर बाईंना फोन लावला. "गोळी उतरवता येते का?"

"त्रास होतोय? छातीत धडधड?"

"नाही. त्याला कळतंय."

बाई म्हणाल्या, "मावशी, त्याला एकटं सोडू नका. उतरेल ती. उद्या घेऊन या, आपण बोलू."

शेवटचा तुकडा मोजून झाल्यावर तो मला म्हणाला, "आई, मी उशांचे अभ्रे कापत होतो तेव्हा तू सगळ्यांना काय सांगायचीस?"

"काय सांगायचे?"

"मास्तर परत आला म्हणून."

कार्डाचं खरं तिथेच सांगून टाकायला हवं होतं, की सून लिहीत होती आणि मी अडवलं. साठ वर्षं ही जीभ कुणाला घाबरली नाही. तेव्हा टाळूला चिकटली. सांगितलं ते सूनबाईनेही नाही. ती तशीच मान खाली घालून बसली आणि त्यात आता मान वाटावा असं काही नव्हतं.

संध्याकाळी बँडवाला आला. भांडेल म्हणून मी कंबर कसून उभी होते. त्याने एक तुकडा उचलला, मास्तरकडे बघितलं आणि परत ठेवला. "राहू द्या मावशी," म्हणाला. "जुन्याच कोटांवर भागवू." भांडला असता तर उपकार झाले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईने बशीत गोळी ठेवली, बाजूला पाणी. मास्तर नुसतं पाणी प्यायला.

"गोळी," मी म्हटलं.

"घेतली की कळतं, आई."

"मग?"

"आज नको कळायला." आणि मग, एखाद्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं, "तू सांग. घेऊ?"

घे म्हणाले तर तो त्या टेबलाकडे बघणार होता. नको म्हणाले तर पुन्हा कधी बघणार नव्हता. मी बशी उचलून फडताळात ठेवली. डॉक्टरकडे जायचं होतं. ते आज नको, असं सूनबाईला मीच म्हटलं.

दुपारी घरात कुणी नाही असं बघून मी कार्ड खाली काढलं. पेन हातात धरून किती वर्षं झाली होती. कापणेच्या वर थोडी जागा होती, तिथे लिहिलं. माया. दोनच अक्षरं, तरी काना वाकडा गेला. कार्ड परत टेबलावर लावलं. टेबल रिकामं होतं.

मास्तर आत आला. कार्डापाशी थांबला. सवयीने पहिल्या ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागला. "कापड पसरणे. माप मोठ्याने वाचणे. खडूने..."

बाहेर कुत्रा भुंकला. त्याने बोट उचललं आणि बघायला गेला. जाताना नळ उघडला होता, तो मी बंद केला.