शिवलेली भिंत

राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्याच्या पुढच्या वर्षी तापीकाठच्या या गावात, इतवारा पेठेतल्या शाळेत पोरं मावेनात. शाळा भरायची कापसाच्या एका जुन्या गोदामात. तिथे आता मराठीचा वर्ग आणि नव्याने सुरू झालेला हिंदीचा वर्ग, दोन्ही एकाच छताखाली बसू लागले. इकडे शालिग्राम गुरुजी कविता म्हणायला लागले की तिकडून मोतीलाल मास्तरांचे पहाडे, म्हणजे हिंदी पाढे, त्यात मिसळायचे. पोरं कधी हे म्हणायची, कधी ते. विटांच्या भिंतीसाठी अर्ज केला होता, पण मंजुरी कोणत्या कचेरीतून येणार हेच अजून कोणाला धड ठाऊक नव्हतं.

म्हणून गुरुजी गोदाबाईकडे आले. ती गल्लीतल्या बायकांच्या चोळ्या आणि गोधड्या शिवायची.

"बाई, एक भिंत शिवून द्याल का?"

गोदाबाईला वाटलं, थट्टा करताहेत. "भिंत बांधतात, गुरुजी."

"बांधायला वेळ लागणार. तोवर शिवलेली चालेल."

तिचा नवरा कौतिक कापडाच्या मिलमध्ये होता. त्याने डाग पडलेलं कापड आणलं. गोदाबाईने पट्टे जोडले, वर तुळईला आणि खाली फरशीतल्या खुंट्यांना ठोकून घेतले. कापड कसं ताठ बसलं होतं, सुरकुती म्हणून नाही. आवाज मात्र आरपार जातच होता. तिसऱ्या दिवशी कोणीतरी मोठं दार उघडं टाकलं. वारा आत घुसला, कापड फुगलं, खिळे उखडले आणि अख्खी भिंत हिंदीच्या वर्गावर जाऊन पडली.

मोतीलाल मास्तर कापडाखालून डोकं काढत म्हणाले, "बाईजी, दीवार भी क्लास में बैठ गई!"

पोरं खिदळली. गोदाबाईही हसली, पण घरी जाताना तिचे कान तापले होते.

दुसऱ्या दिवशी ती भिकनकडे गेली. भिकन तिचा दीर, गवंडी. जवळच एका घराची पडकी भिंत तो नव्याने उचलत होता. ती विटांच्या ढिगावर बसली.

"भावजी, भिंत उभी कशी राहते?"

भिकनने थापी खाली ठेवली. "एवढी वर्षं काम करतोय, हे कोणी विचारलं नव्हतं." त्याने पडक्या भागाकडे बोट केलं. "इकडं बघ, वहिनी. बाहेरून एक दिसते, पण या दोन भिंती आहेत. एक बाहेरची, एक आतली, मधे दगडमातीचा भर. आणि जागोजागी हा असा लांब दगड आरपार टाकलेला. हा दोघींना धरून ठेवतो. हा नसला तर भिंतीला पोट येतं आणि ती बसते. अन् वजन सगळं खाली."

गोदाबाई बराच वेळ बघत राहिली. दोन बाजू, मधे भर, आरपार धरणारा दगड.

"अहो, ही तर गोधडीच झाली."

"मग तुला येतेच की," भिकन म्हणाला आणि परत कामाला लागला.

या वेळी तिने भिंत चार तुकड्यांत केली, एवढी मोठी एकसंध गोधडी शिवताना उलटवणार कोण म्हणून. दोन्हीकडे कापड, मधे चिंध्या आणि मिलमधला टाकाऊ कापूस. दाभणाने आरपार टाके घातले, खालच्या बाजूला जवळजवळ, वर जरा विरळ. खालच्या काठात कापडाची नळी शिवून तीत तापीची वाळू भरली. अठरा दिवस लागले. बोटं सोलवटली, चोळ्यांची कामं पडून राहिली, आणि कौतिक दोनदा म्हणाला की आता पुरे कर.

भिंत टांगली तेव्हा मोठं दार मुद्दाम उघडून बघितलं. काठ जरासा हलला, बस. पलीकडून पहाडे येत होते, पण दूरच्या गल्लीतून यावेत तसे. शालिग्राम गुरुजींनी कवितेची एक ओळ म्हटली आणि स्वतःचाच आवाज ऐकून तीच पुन्हा म्हटली.

आठवड्याने गोदाबाई सहज डोकावली. मराठीचा वर्ग आतल्या बाजूला होता. गोदामाच्या दोन्ही खिडक्या रस्त्याकडे, म्हणजे हिंदीच्या वाट्याला गेलेल्या. आत दिवसाढवळ्या संध्याकाळ झाली होती. एक पोरगी पाटी नाकाला लावून लिहीत होती.

"गुरुजी, तुम्ही बोलला का नाहीत?"

"एवढं केलंत तुम्ही. चालतंय, बाई."

"काय चालतंय? पोरीला दिसत नाही."

तिने भिकनला विचारलं. तो म्हणाला, "खिडकी काढ. पण वर आडवं लाकूड टाक आणि दोन्हीकडं वीतभर आत जाऊ दे, नाहीतर वरचं सगळं लोंबेल."

रविवारी ती एकटीच गोदामात आली. कात्री हातात धरून भिंतीसमोर उभी राहिली. टाका न् टाका तिने स्वतः घातलेला. जुनं काहीबाही तिने आयुष्यभर कापलं होतं. आपलं चांगलं, नवं काम कधी कापलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, त्याचा तिला रागही आला. मग ती आतल्या बाजूला गेली, पोरं बसतात तिथे फरशीवर मांडी घालून बसली आणि नुसती पाटी मांडीवर घेतली. उजेड कुठून आला तर पाटीवर पडेल, हे बसून बघितलं. कोळशाने खुणा केल्या आणि उठून कात्री चालवली. वर बांबूची काठी शिवून टाकली, कडा दुमडून पक्क्या केल्या, भोकांवर पातळ मलमल ताणली. उजेड आला. आवाजही थोडा आला. तो तिने येऊ दिला.

विटांची मंजुरी आली ती तिसऱ्या वर्षी. काम भिकनलाच मिळालं. कापडाची भिंत उतरवून लहान पोरांना बसायला अंथरली होती. भिकनने दोरी धरून आखणी केली आणि गोदाबाईला घरून बोलावून घेतलं.

"वहिनी, खिडक्या कुठं ठेवू?"

गुरुजी भिंतीच्या उंचीच्या मधोमध बोट दाखवत होते. गोदाबाईने मान हलवली.

"मधे नको. आधी खाली बसा, भावजी. तुम्हीपण बसा, गुरुजी."

गवंडी आणि गुरुजी फरशीवर मांडी घालून बसले, आणि ती त्यांच्यासमोर उभी राहून बाजूच्या जुन्या भिंतीवर, मांडीवरच्या पाटीला उजेड मिळेल अशा हातभर उंचीपासून वर, खडूने खिडकीची रेघ ओढू लागली.