घोंगडीची किनार

मी एक जुना स्पीकर आहे. दुकानातला नव्हे, डोंबिवलीच्या मानपाड्यात, एका घरात प्लायवूड कापून बनवलेला. माझा एक जुळा भाऊही आहे. तो त्या भिंतीकडे, मी या भिंतीकडे. इतकी वर्षं एका खोलीत राहून आम्ही कधी एकमेकांजवळ गेलो नाही, कारण मधली जागा रिकामी ठेवायची असते. मित्रांनो, आम्ही दोघं नीट वाजलो तर आवाज आमच्यातून येतोय असं वाटतच नाही. बोलणारं माणूस त्या मधल्या जागेत बसलंय असं वाटतं. म्हणजे काम जितकं चोख, तितकं आमच्याकडे कुणी बघत नाही. नशीब एकेकाचं!

आम्हाला बनवलं राजरत्नदादांनी. तेव्हा ते कारखान्यात नोकरीला होते आणि सुट्टीच्या दिवशी करवत घेऊन बसत. आम्ही वाजू लागलो, पण आवाज खोक्याला चिकटून राही. माझ्या तोंडावरच्या ट्वीटर नावाच्या छोट्या कर्ण्यातून निघालेला बारीक आवाज लाकडावरून पसरत कडेपर्यंत जाई आणि त्या धारदार कडेवरून वळताना तिथूनही थोडा फुटे. हा फुटका आवाज कानात किंचित मागाहून पोचे आणि सगळं बिघडवी. तेव्हा कडेला जाण्याआधीच त्याला पिऊन टाकेल असं काहीतरी ट्वीटरभोवती लावायला हवं होतं. दादांनी थर्माकोल लावून पाहिला, तो काही पिईना. स्पंजानं बरं काम केलं, पण पुढे त्याचा भुगा होऊन खाली पडू लागला.

पारखायला त्यांनी बायकोचाच आवाज रेकॉर्ड केला होता. "तुझा आवाज मला पाठ आहे. काहीही बोल," ते सुमतीताईंना म्हणाले. ताईंनी माहेरची, शहाडची गोष्ट सांगितली. नदीवरून हरवलेली त्यांची म्हैस अख्खं गाव शोधत होतं आणि ती सापडली कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवात. शेवटी त्यांना हसू आवरेना.

घोंगडीही त्यांनीच काढली. "अहो, हिच्यात तोंड घालून ओरडलं तरी शेजारी ऐकू जात नाही. ही लावून बघा." अर्धी घोंगडी कापून, घड्या घालून त्या गोधडीसारखी शिवायला बसल्या. "टाके ढिले घाल गं. लोकर दाबली तर आवाज आत शिरणार कसा?" दादा सारखे टोकत होते. ट्वीटरभोवती ती किनार लागली आणि म्हशीची गोष्ट खोक्यातून सुटून मधे येऊन बसली. दादांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत आनंदाचा दिवस.

पुढे सुमतीताई गेल्या. दादा रोज चहाच्या वेळी समोर खुर्ची टाकून ती गोष्ट लावत. ताईंचा दुसरा आवाज घरात कुठेच नव्हता.

पहिल्या स्मृतिदिनाला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला. भन्तेजी येणार, शहाडची माणसं येणार, सगळ्यांना ताईंचा आवाज ऐकवायचा. सून अंतरा मायेनं घर आवरायला लागली. आमच्या घोंगडीला कसर लागून भोकं पडली होती. चार माणसांत हे बरं दिसणार नाही म्हणून तिनं ती काढून घंटागाडीत टाकली आणि आमच्या तोंडावर, ट्वीटरभोवती, चकचकीत सनमायका चिकटवला. वंदना झाल्यावर रेकॉर्डिंग लावलं. "काय क्लीअर आवाज आहे!" पाहुणे म्हणाले. दादांचा चेहरा मात्र पडला.

"सुमती खोक्यात गेली," ते पुटपुटले.

 त्या दिवसापासून त्यांनी ती गोष्ट लावायची बंद केली. आमच्यावर विणलेले रुमाल आले, रुमालांवर फुलदाण्या आल्या. चहाच्या वेळी खुर्ची खिडकीकडे तोंड करून असे. भाऊ समोर होता, पण वाजल्याशिवाय आम्हाला एकमेकांशी बोलता कुठे येतं? मला फार एकटं वाटे. आणि त्या खुर्चीतला माणूस माझ्याहून एकटा होता.

शेवटी अंतरानंच विचारलं. "पप्पा, मम्मींचं रेकॉर्डिंग का नाही लावत तुम्ही? त्या कार्यक्रमापासून बघतेय मी. माझं काही चुकलं का?"

"तुला काय माहीत असणार, बाळा. ती घोंगडी उगाच नव्हती," दादा म्हणाले आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं.

अंतराचे डोळे भरले. "मी फेकून दिली ओ, पप्पा."

"उरलेली अर्धी असेल माळ्यावर."

माळ्यावर होती, कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळलेली. अंतरानं सनमायका उचकटला, घोंगडी झटकली, घड्या घातल्या. "ढिले टाके," दादा म्हणाले. तिचे टाके वाकडेतिकडे पडले, पण ढिले पडले.

मग दादांनी गोष्ट लावली. अंतरा स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली. दादांच्या खुर्चीकडे जायची सरळ वाट आमच्या दोघांच्या मधून जाते. ती तिथपर्यंत आली, थबकली, आणि बसलेल्या माणसाला ओलांडू नये तशी बाजूनं वळसा घालून गेली. आपण असं केलं हे तिला कप हातात देताना कळलं.

दादांनी ते पाहिलं होतं. "आली," ते म्हणाले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर पुसा, घर लख्ख ठेवा. फक्त एखादी कळकट चिंधी ओढून काढण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, ही इथे कुणी लावली? आणि कधी मानपाड्याला आमच्याकडे आलात, तर माझ्याकडे बघू नका. मधल्या जागेतून तेवढं चालू नका.