खिडकीतला गिलास

आधी तार, मग उकळणं.

गिरिधर डॉक्टरांच्या दातांच्या दवाखान्यात इंजेक्शनची सुई अशीच साफ व्हायची. दात काढून झाला की शोभाताई सुई नळाखाली धरायची, तिच्या पोकळीतून बारीक तार आरपार घालायची आणि मग ती स्टोव्हवरच्या डब्यात सोडायची. उलटं केलं तर आतलं रक्त शिजून घट्ट बसतं, सुई बाद होते. लकडगंजातल्या आरागिरण्यांचा भुसा खिडकीतून आत यायचा, म्हणून डब्यावर झाकण. रबरी हातमोजे फक्त डॉक्टरांना, तेही सायकलच्या ट्यूबसारखे ठिगळ लावलेले. तारेचं काम उघड्या बोटांनी. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

त्या दिवशीही आधी तार, मग

तार अडली. शोभाताईनं जोर लावला. सुई अंगठ्यात गेली.

इतकंच. थेंबभर रक्त आलं, ते तिनं पदराला पुसलं. टोचणं काही नवीन नव्हतं. ज्यांची दाढ आत्ताच निघाली ते नत्थूजी बाहेरच्या बाकावर बसले होते, वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामातले मुकादम. गालात कापूस, गळ्यात मफलर. एप्रिलचं ऊन डोकं भाजत होतं आणि हा माणूस मफलर गुंडाळून आलेला. शोभाताईला मघापासून त्याचं हसू येत होतं. लाळ पुसायला नत्थूजींनी मफलर काढला, आणि तिचं हसू आटलं.

छातीवर झाडाच्या मुळ्यांच्या तुकड्यांची माळ होती.

काविळीची माळ. घालतात तेव्हा आखूड असते, सुकत सुकत लांबते, आणि ती खाली सरकली की लोक म्हणतात आजार उतरला. नत्थूजींची अजून बेंबीला पोचायची होती. खुर्चीत त्यांनी भीतीनं डोळे गच्च मिटून घेतले होते. आता ते उघडे होते, आणि हळदीत बुडवून काढल्यासारखे दिसत होते. काही आजार आहे का, असं डॉक्टरांनी आधी विचारलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली होती. आता शोभाताईनं माळेकडे बोट केलं तेव्हा ते कापूस सावरत समजावू लागले, की माळ देणाऱ्या कन्हानच्या बाईची अटच आहे, माळ उतरेपर्यंत आजाराचं नाव तोंडातून काढायचं नाही, काढलं तर तो पुन्हा चढतो.

"मी खोटं नाही बोललो, बाई," ते म्हणाले. "फक्त नाव नाही घेतलं."

डॉक्टरांनी तिचा अंगठा नळाखाली धरून पिळला, स्पिरिटमध्ये बुडवला. मग स्वतःचे हातमोजे उजेडात धरून एकेक ठिगळ तपासत राहिले. कावीळ पाण्यातून येते तशी रक्तातूनही येते, यांची कोणती ते कळायला मार्ग नाही, असं ते सांगत होते. औषध नाही. वाट पाहायची. काही महिनेही लागतात. घरात कोण आहे, त्यांनी विचारलं. वडील आहेत, तिनं सांगितलं, आणि लेक येणार आहे भंडाऱ्याहून, बाळंतपणाला.

डॉक्टरांनी हातमोजे खाली ठेवले.

"तुमचं ताट, गिलास वेगळं ठेवा," ते म्हणाले, आणि लगेच त्यांचा आवाज उतरला. "शोभाताई, मी हे... तुम्ही वेगळ्या अर्थानं घेऊ नका."

"नाही घेत," ती म्हणाली.

आरसा. दात पाहायचा, लांब दांड्याचा, चवलीएवढा. दवाखान्यात कोणी नसलं की शोभाताई तो डोळ्यासमोर धरायची. एका वेळी एकच डोळा मावायचा. पांढरा. दुसरा. पांढरा. मग पहिला पुन्हा, कारण दुसरा पाहीपर्यंत

पांढरा.

लेक, विशाखा, आली, आठवा लागलेला. येऊ नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. शिवाय तिला सासू नव्हती, जायचं कुठे? पोटुशीला कावीळ झाली तर काय होतं, हे शोभाताईनं वस्तीत पाहिलेलं होतं. दोन तिरड्या एका दारातून. लेकीनं धास्ती घेऊ नये म्हणून तिनं नाव घेतलं नाही. स्वयंपाक लेकीकडे सोपवला, कंबर धरली म्हणाली. आपला पंचा वेगळ्या दोरीवर टाकला. आपला गिलास, काठाला पोचा आलेला, घासून खिडकीत उपडा ठेवू लागली. विशाखानं एकदा तिचा हात धरून पोटावर ठेवला, पाय मारून राहिलं, पाह्य, म्हणाली. शोभाताईनं हात असा काढून घेतला, की पोरगी दिवसभर बोलली नाही.

रात्री अंथरुणात पुन्हा तेच. आधी उकळणं, मग तार. आधी नत्थूजींचा मफलर, मग तार. आधी हातमोजा, मग. कुठूनही सुरुवात केली तरी सुई अंगठ्यात जायची.

गिलास आधी दिसला तो तिच्या म्हाताऱ्या वडिलांना. लहानूजी गिरणीतून सुटल्यापासून दिवसभर घरीच असत. त्यांनी काही दिवस पाहिलं. शोभा त्यातच पिते, स्वतः घासते, स्वतः उपडा घालते, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. लहानपणी गावच्या हॉटेलाबाहेर खुंटीला एक कप टांगलेला असे, तो आपणच धुवायचा आणि आपणच टांगायचा. त्या कपाची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली होती. छप्पन साली दीक्षा घ्यायला शोभाला बरोबर घेऊन गेले, तेव्हा वाटेत.

एका संध्याकाळी शोभाताई दवाखान्यातून आली, पाणी प्याली, गिलास घासून खिडकीत ठेवला. म्हातारा खाटेवर उठून बसला.

"हा गिलास इथं काहून वं?"

"माह्या आहे."

"तुह्या आहे ते दिसते. वेगळा ठेवाले कोणं सांगलं?"

ती थकली होती. खोटं तिला सुचलं नाही.

"डॉक्टरांनी."

लहानूजींनी मान डोलावली, जणू हेच ऐकायची वाट पाहत होते. मग हळू आवाजात म्हणाले की ठीक आहे, डॉक्टर आपल्या जागी आहे, त्याला काय दोष द्यायचा. पण तू तर ते घरात घेऊन आलीस.

"तसं नाही गा, बाबा."

"मंग कसं हाय?"

शोभाताईनं तोंड उघडलं. नाव जिभेपर्यंत आलं आणि तिथेच बसलं.

विशाखा चुलीपाशी होती. ती भार सांभाळत उठली. खिडकीतला गिलास उचलला, माठात बुडवला.

"आता माह्यं पोरगं बी ह्यानंच पिईन," ती म्हणाली, आणि गिलास ओठांकडे

शोभाताईनं फटका मारला. गिलास भिंतीवर आपटला, पाणी विशाखाच्या पोटावर सांडलं. आपल्या लेकीला, या अवस्थेत, मारलं असं तिला क्षणभर वाटलं, आणि मग ती बोलत सुटली. सुई, तार, नत्थूजी, माळ. "कावीळ असंल माह्यात. अजून समजलं नाही. कवा समजंल तेही माहीत नाही."

मग लहानूजी खाटेवरून उतरले. कोपऱ्यातून गिलास उचलला, राखेनं घासला, धुतला आणि खिडकीत होता तिथेच उपडा ठेवला. पोर झाल्यावर न्हाऊ मी घालीन, असं पुटपुटले. तुही आई नव्हती तवा तुले मीच घातलं, शोभे.

विशाखानं ओलं लुगडं पिळलंही नाही. आईचा दंड धरून तिला दारात नेलं, हनुवटी वर केली आणि अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढून डोळ्यात पाहू लागली. बाहेर दिवस मावळत होता. भिंत, उंबरा, लेकीचा चेहरा, सगळं पिवळं झालं होतं.

"काय दिसते?" शोभाताईनं विचारलं.

विशाखानं दुसरा डोळा पाहिला. मग पहिला पुन्हा.

"सकाळी पाहू, आई," ती म्हणाली. "ह्या उजेडात समजून नाही राहिलं."